बाबांच्या घड्याळाला काळे काटे : प्रकल्प नोंदी

८ जुलै

बाबांना स्वतःच्या मनगटावरची वेळ दिसेनाशी झाली आहे. नजर अधू झाली आहे हे खरंच, पण निम्मा दोष घड्याळाचा आहे. तबकडी रुपेरी आणि काटे निकेलचा मुलामा दिलेले, आरशासारखे. चकचकीत काटा स्वतःचा रंग दाखवतच नाही, समोर जे असेल तेच दाखवतो. त्यात हे काटे डॉफिन घाटाचे, म्हणजे मधोमध धार आणि दोन्ही बाजूंना उतार. खिडकीपाशी एक उतार उजळतो, दुसरा काळवंडतो आणि काटा उठून दिसतो. खोलीतल्या सगळीकडून सारख्या येणाऱ्या उजेडात मात्र दोन्ही उतार तबकडीच्याच रंगाचे होतात आणि काटा हरवतो. बाबा मनगट हलवून हलवून वेळ शोधतात. ते बघवत नाही.

काटे काळे करायचे ठरवलं. मूळ काट्यांना हात लावणार नाही, ते पुडीत जपून ठेवायचे. त्याच मापाचे, त्याच घाटाचे दोन सुटे संच मिळवलेत. एक सरावाला, एक खऱ्या कामाला.

निळे काटे करता आले असते का, असं आधी वाटलं होतं. पण तो निळा रंग नव्हेच. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो निळा दिसतो. आपले काटे पितळेचे आहेत, त्यामुळे तो रस्ता बंद.

गेल्या वर्षी एका भंगार घड्याळावर हा प्रयोग केला होता, तो फसला. स्प्रेच्या डब्याने दोन जाड हात मारले, रात्रभर वाळू दिलं, दिसायला झकास झालं. काटा बसवताना भोकावर दाब दिला आणि तिथला रंग टिकलीएवढा पोपडा होऊन तबकडीवर पडला. तो यंत्रात गेला असता तर चाकांच्या दातांत अडकून घड्याळ थांबलं असतं. बाबांच्या घड्याळात हे होता कामा नये. दिसायला सुंदर हवंच, पण त्याआधी रंग धरून राहिला पाहिजे.

११ जुलै

आज फक्त मापं घेतली. रंगाला जागा किती आहे हे कळल्याशिवाय रंग निवडण्यात अर्थ नाही.

घड्याळातलं यंत्र ईटीए कंपनीचं, २८२४-२. तासकाट्याचं भोक १.५० मिमी, मिनिटकाट्याचं ०.९० मिमी, सेकंदकाट्याची नळी ०.२५ मिमी. आता हिशेब असा. मिनिटकाट्याच्या भोकाच्या आतल्या भिंतीवर २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग चढला तर भोक दोन्हीकडून आवळतं आणि ०.९० चं ०.८६ होतं. तो काटा जागेवर जाणार नाही, आणि जोर लावून घातलाच तर आतला रंग खरवडून खाली सांडेल. गेल्या वर्षीचा पोपडा तिथूनच सुटला असणार. भोकात रंगाचा थेंबही जाता कामा नये.

तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यातलं अंतर कागदाच्या पट्ट्या सरकवून पाहिलं. ०.१ मिमीच्या तीन पट्ट्या गेल्या, चौथी अडली. काट्यांची स्वतःची जाडी मायक्रोमीटरवर ०.१५ मिमी आली. म्हणजे वरून २५-३० मायक्रॉन चढवले तर मोकळीक पुरेशी राहते. खालची बाजू रंगवायचीच नाही. निकेल आहे, गंजणार नाही, आणि ती दिसतही नाही.

वजनाची शंका होती, विशेषतः सेकंदकाट्याच्या. १२ मिमी लांब, अर्धा मिमी रुंद, त्यावर २० मायक्रॉन रंग धरला तर घनफळ ०.१२ घन मिमी होतं. वजन पाव मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. ही चिंता मिटली.

१४ जुलै

आजचा दिवस सफाईचा. रंग मारण्यापेक्षा या कामाला जास्त वेळ लागला आणि तो लागू द्यायला हवा, कारण काटा टिकेल की नाही हे बहुतेक इथेच ठरतं.

आधी भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. मग अॅसिटोन. अॅसिटोन फार चटकन उडतो आणि विरघळवलेला तेलकटपणा तिथेच मागे सोडतो, म्हणून तो सुकायच्या आत काटे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकले आणि मग दुसऱ्या स्वच्छ अल्कोहोलमध्ये. यानंतर उघड्या बोटाने एकदाही स्पर्श नाही. बोटांना रबरी टोप्या घातल्या, उचलायला पितळी चिमटा.

स्वच्छता डोळ्यांनी कळत नाही, पाण्याने कळते. काट्यावर शुद्ध पाण्याचा थेंब सोडायचा. तो पसरून सलग पातळ पडदा झाला तर पृष्ठभाग स्वच्छ. तो आक्रसून मण्यासारखा गोळा झाला तर तेल अजून आहे. पहिल्या खेपेला मिनिटकाट्याच्या टोकाकडे पाणी फाटलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला भिंगातून पाहिलं तर पाण्याचा पडदा टोकापर्यंत अखंड होता, धारेवरसुद्धा.

आता निकेल. मुलाम्याची चकाकी म्हणजे रंगाला पकडायला काहीच नाही. सपाट काटा असता तर काचेवर दुहेरी टेपने चिकटवून २००० नंबरच्या वॉटर पेपरवर, म्हणजे ओल्याने वापरायच्या बारीक घासकागदावर, फिरवला असता. डॉफिनची धार तशाने गोल होऊन जाते आणि घाटच बिघडतो. म्हणून काचतंतूंचा ब्रश घेतला, ओला करून, उताराच्या दिशेने अलगद. चकाकी जाऊन दुधाळ मंदपणा आला की थांबायचं. काचेचे तंतू तुटून बोटात घुसतात आणि दिवसभर ठणकतात, म्हणून हातमोजे आणि काम ओलंच. मधल्या धारेवरून ब्रश फक्त एकदाच नेला. धार अगदी तीक्ष्ण राहिली तर ओला रंग पृष्ठताणामुळे तिच्यावरून दोन्हीकडे ओढला जातो आणि नेमका तिथेच सर्वात पातळ बसतो. ती केसभर बोथट करायची, भिंगातही गोल दिसणार नाही इतकीच.

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवतो. जुन्या काट्यांवर अंधारात चमकणारा पिवळट-तपकिरी लेप असेल तर त्यांना घासायचं नाही, खरवडायचं नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही. विसाव्या शतकात १९६० च्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरलं जायचं. रेडियम-२२६ ची अर्धायू सुमारे १६०० वर्षं. चमक कधीच विझलेली असते, कारण त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड झिजतं. किरणोत्सार जवळजवळ तेवढाच शिल्लक असतो आणि धूळ श्वासावाटे आत गेली तर ती शरीरात राहते. माझ्या काट्यांवर लेप नाही, म्हणूनच ब्रश हातात घेतला.

१९ जुलै

०.२ मिमी पितळी पत्र्याचे अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे कापले आणि तीन प्रकारचे रंग लावून पाहिले.

पहिला नायट्रोसेल्युलोज लॅकर, नेलपॉलिशच्या जातीचा. तो नुसता द्रावक उडून सुकतो, पातळ बसतो, झटपट होतो. पण पुन्हा अॅसिटोन लागला की पुन्हा विरघळतो, आणि पितळेवर एकटा लावला तर नखाने कड उचलता येते.

दुसरा सिंथेटिक एनॅमल. हा हवेतला ऑक्सिजन घेऊन पिकतो. वरून हाताला कोरडा लागतो पण आतून कितीतरी दिवस मऊ राहतो. पसरतो मात्र फार छान.

तिसरा दोन भागांचा, रेझिन आणि हार्डनर मिसळून करायचा. त्यात पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी असे दोन रस्ते. पॉलियुरेथेनचा स्प्रे घरात करायचा नाही हे मी पक्कं ठरवलं आहे. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. काट्यांच्या तीन काड्यांसाठी ही जोखीम नको. इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, घ्यायचा. त्यालाही हातमोजे, सेंद्रिय वाफांच्या गाळणीचा मास्क आणि उघड्यावर काम लागतंच, कारण त्याच्या हार्डनरमुळे कातडीला अॅलर्जी होते.

प्रायमर मुद्दाम काळा निवडला. करड्या प्रायमरवर काळा रंग दिला आणि उद्या धारेवर वरचा थर झिजला की करडी रेघ दिसणार. खाली काळं असेल तर झीज दिसायला वेळ लागेल.

२३ जुलै

एनॅमलवर लॅकर मारण्याची चूक आज केली. एनॅमल चार दिवसांचा होता, हाताला ठणठणीत लागत होता, म्हणून त्यावर लवकर सुकणारा काळा अॅक्रिलिक लॅकर फवारला. दोन मिनिटांत सगळा पृष्ठभाग सुरकुतला, तापलेल्या दुधावरची साय चिमटीत धरावी तसा. लॅकरमधलं तिखट द्रावक खालच्या अर्धवट पिकलेल्या थरात शिरलं, तो फुगला आणि वर उचलला गेला.

हाच लॅकर पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर मारला तेव्हा काहीच झालं नाही. इपॉक्सीचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात, द्रावकाने ते सुटत नाहीत. म्हणजे जोडी ठरली : खाली इपॉक्सी, वर अॅक्रिलिक लॅकर.

२६ जुलै

आज तुकड्यांची परीक्षा. धारदार पातीने १ मिमी अंतरावर सहा रेघा आडव्या आणि सहा उभ्या ओढल्या, खालच्या धातूपर्यंत. २५ चौकोन झाले. त्यावर चिकट टेप दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. ही पद्धत आयएसओ २४०९ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे आणि तिथे निकालाला ० ते ५ गुण असतात, ० म्हणजे एकही चौकोन निघाला नाही.

नुसता अल्कोहोलने पुसलेला चकचकीत तुकडा आणि त्यावर लॅकर : २५ पैकी ११ चौकोन टेपवर आले. घासलेला तुकडा, प्रायमर नाही : चौकोन जागेवर, पण रेघांच्या कडा दातेरी झाल्या. घासलेला, इपॉक्सी आणि वर लॅकर : टेप कोरी. तोच तुकडा ३ मिमी ड्रिलच्या दांड्यावर वाकवला आणि दहा पट भिंगाखाली धरला. वळणावर भेग नाही.

ती कोरी टेप वहीत चिकटवून ठेवली आहे.

२ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. आर्द्रतामापक ८४ टक्के दाखवतोय. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि काळा रंग पांढुरका पडतो. आज फवारणी नाही. भोकं बुजवायच्या काड्या तासल्या.

६ ऑगस्ट

आर्द्रता ५५. सराव-संचावर प्रायमर.

काटे धरायचे कसे यावर बराच विचार झाला होता. लाकडी टूथपिक निमुळती तासून खालून भोकात घट्ट बसवली आणि वर आलेलं टोक काट्याच्या पातळीत सपाट कापलं. टोक वर राहिलं तर त्याच्याभोवती रंगाचा कडा उभा राहतो, काडी काढताना तो फाटतो आणि सोबत पापुद्रा घेऊन जातो. सेकंदकाट्याची नळी खालून असते, ती सरळ घट्ट फोममध्ये खोचली. नळी आपोआप झाकली गेली.

मिश्रणाला दोन सारख्या सिरिंज. लागणार चार थेंब, पण केलं ३ मिली, कारण थोडक्यात चूक मोठी होते. एका थेंबाने प्रमाण चुकलं तर इपॉक्सी कायम चिकट राहतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात थिनर, मग बारीक जाळीतून गाळणं. एअरब्रशला ०.३ मिमीची सुई, दाब १.२ बार, अंतर १० सेंमी.

पहिला हात इतका हलका की धातू खालून दिसत राहिला. तो ठिपक्यांचा थर पुढच्या हाताला धरून ठेवतो आणि रंग धारेवरून घसरत नाही. दहा मिनिटांनी दुसरा हात, चारी बाजूंनी, फोम फिरवत फिरवत, म्हणजे कडाही झाकल्या जातात. लगेच उलटं काचेचं भांडं वर झाकलं.

७ ऑगस्ट

घाई नडली. प्रायमर मारल्यावर अर्ध्या तासात काटे ओव्हनमध्ये ठेवले होते, ७० अंशांवर. सकाळी भिंगातून पाहिलं तर तासकाट्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. वरची साय आधी घट्ट झाली आणि आत अडकलेलं थिनर ती फोडून बाहेर आलं. सराव-संच होता म्हणून जीव थोडा भांड्यात पडला. रंग काढून तो पुन्हा घासायला घेतला.

ओव्हन छोटा आहे, फक्त याच कामाचा. ज्यात अन्न शिजतं त्यात रंग कधीच भाजायचा नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवला आहे, कारण बटणावरच्या आकड्यात आणि खऱ्या तापमानात १५ अंशांचा फरक निघाला. तापमान फार वाढवण्यातही अर्थ नाही. आज ना उद्या तबकडीही रंगवावीशी वाटेल, आणि जुन्या तबकड्यांचे पाय डाख देऊन जोडलेले असू शकतात. कथील-शिशाची नेहमीची डाख १८३ अंशांपासून वितळू लागते. ७० ची सवय हाताला लागलेली बरी.

१० ते १३ ऑगस्ट

सराव-संच पुन्हा. या वेळी प्रायमरनंतर २४ तास झाकून ठेवला, मग अर्धा तास ४० अंश, मग दोन तास ७० अंश. छिद्र एकही नाही. ३००० नंबरच्या वॉटर पेपरचा ओला तुकडा काडीच्या टोकाला लावून वरचा तकाकीपणा मारला, अल्कोहोलने पुसलं आणि अॅक्रिलिक लॅकरचे दोन विरळ हात दिले.

लॅकर पूर्ण मॅट घ्यावा असं वाटत होतं, पण तुकड्यावर चिमटा टेकवून पाहिला तर मॅट रंगावर तिथे चकाकीचा डाग उमटला. मॅटपणा पृष्ठभागाच्या खडबडीतून येतो, ती दाबली की सपाट होते आणि पुन्हा उठत नाही. सेमी-मॅट घेतला. परावर्तन त्यानेही मोडतं आणि डाग दिसत नाही.

हातांच्या मध्ये पंधरा मिनिटं. शेवटचा हात दिल्यावर एका मिनिटकाट्यावर धुळीचा एक कण बसला, ३०-४० मायक्रॉनचा असेल. पण काटा सर्वात रुंद जागी जेमतेम १ मिमी, त्यावर तो भिंगात खडकासारखा दिसतो. ओल्यात हात लावला नाही. वाळल्यावर कागदाने बसवला आणि अजून एक हात दिला. फवारणीच्या आधी फरशी ओल्या फडक्याने पुसायची, हे यादीत घातलं.

काडी काढताना सरळ ओढायची नाही. आधी तिच्याभोवती नव्या पातीने वरूनच एक चीर, मग खालून फिरवत काढायची. भोकं भिंगातून पाहिली, आतलं पितळ स्वच्छ पिवळं.

१७ ऑगस्ट

सराव-संच एका जुन्या यंत्रावर पाच वेळा बसवला आणि पाच वेळा काढला. बसवायच्या दांडीखाली पातळ प्लास्टिकची चकती. काढायच्या लिव्हरखाली आणि तबकडीवरही तसंच प्लास्टिक. पाचव्या खेपेनंतर तासकाट्याच्या भोकाच्या कडेला एक फिकट वर्तुळ दिसलं, घासल्यासारखं, पण रंग सुटलेला नाही. खऱ्या काट्यांना एकदाच बसायचं आहे. जाडी मोजली : ०.१५ चे ०.१७५.

आता खरा संच हातात घ्यायचा धीर आला.

१९ ते २३ ऑगस्ट

खरा संच, सगळ्या पायऱ्या तशाच्या तशा. लिहिण्यासारखं विशेष घडलं नाही. पाच दिवसांत हेच हवं होतं. लॅकरनंतर एक दिवस झाकून, मग एक तास ६० अंशांवर. त्यापुढे आठवडाभर डबी उघडलेली नाही.

३० ऑगस्ट

काटे बसवले. तारीख बदलेपर्यंत किल्लीने यंत्र पुढे नेलं आणि ती उडी मारताच थांबवलं. तासकाटा बरोबर बारावर, तबकडीला समांतर. मग मिनिटकाटा. दोन्ही काटे पूर्ण बारा तास फिरवले, दर तासाला बाजूने उजेड धरून मधली फट पाहिली. तीनच्या जागी मिनिटकाट्याचं टोक किंचित खाली वाटलं, चिमट्याने नव्हे, लाकडी काडीच्या कडेने केसभर उचललं. मग सेकंदकाटा. हा बसवताना श्वास धरला गेला, नळी ०.२५ ची आणि दाब देऊन चालत नाही. बसला. चालू केलं. काळी रेघ रुपेरी तबकडीवरून सरकायला लागली.

केस बंद करायच्या आधी हवेच्या फुग्याने एकदा धूळ उडवली आणि तबकडीवर भिंग फिरवलं. काळा कण एकही नाही.

बाबा आरामखुर्चीत होते, दिवा मागे. घड्याळ हातात दिलं, म्हटलं, "बाबा, बघा बरं." त्यांनी मनगट हलवलं नाही, खिडकीकडे वळवलं नाही.

"पाच सत्तेचाळीस," म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि सेकंदपण दिसतोय रे."

२८ सप्टेंबर

जवळजवळ महिना झाला. घड्याळ उघडलं नाही, काचेतूनच भिंगाने पाहिलं. मिनिटकाट्याच्या मधल्या धारेवर, टोकापासून ३ मिमी अंतरावर, एक बारीक उजळ ठिपका आहे. बहुधा बसवतानाच चिमट्याची कड लागली असावी. आतून धातू दिसत नाही, प्रायमर शाबूत आहे. त्याला हात लावणार नाही.

मूळ निकेलचे काटे पुडीत, पुडीवर माप आणि तारीख. सराव-संचही सोबत ठेवला आहे. बाबांचं दुसरं, टेबलावरचं घड्याळ आता पुढ्यात आहे. त्याचे काटे पोलादी आहेत आणि तबकडी काळी, म्हणजे तिथे पांढरा रंग लागेल. ओव्हनच्या उष्णतेने पांढरा पिवळा पडतो का, हे आधी तुकड्यावर बघायचं.